‘सगळं काढलं, मॅडम’

चार्जर काढ, लॅपटॉप इकडे सरकव आणि खाली बस. उभं राहून ऐकलेलं तुम्ही पोरं दारापर्यंत जाईतो विसरता, आणि आज मला पुष्कळ बोलायचं आहे.

‘सगळं काढलं, मॅडम. गेमच खराब आहे.’ हे वाक्य या सत्रात मी तुझ्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा शंका आली, पण परीक्षा तोंडावर होती म्हणून विषय सोडला. आज तू जेवायला गेलास तेव्हा तुला विचारून मी हे मशीन तासभर तपासलं. आता तू बोलायचं नाहीस. मी बोलणार आणि तू ऐकणार.

स्टीमच्या यादीत स्कायरिम स्पेशल एडिशनचं नाव करडं झालेलं आहे, म्हणजे अनइन्स्टॉलचं बटण तू दाबलंस हे खरं. पण डी ड्राइव्हवर स्टीमॲप्सच्या आत कॉमन, आणि कॉमनच्या आत त्या गेमचं फोल्डर अजून जागच्या जागी आहे. त्यात अकरा हजारांवर फाइली आहेत. ते फोल्डर तू एकदा तरी उघडून पाहिलंस का? मान हलवू नकोस, मला उत्तर माहीत आहे. बटण दाबलं, पट्टी सरकली, नाव करडं झालं, आणि तू स्वतःला सांगितलंस की गेलं सगळं. पुन्हा उतरवायला बसलास. तीन वेळा! या गेमला स्टीम १२ जीबी जागा मागतं. तुझ्या वडिलांच्या फोनला दिवसाला दोन जीबी मिळतात. म्हणजे दर वेळी सहा दिवसांचा डेटा त्यांच्या हॉटस्पॉटवरून तू ओढलास, आणि त्या नव्या कोऱ्या गेमखाली तोच जुना कचरा अंथरून ठेवलास. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बंबातलं पाणी मात्र वडिलांचं.

अनइन्स्टॉल म्हणजे काय हे मी तुम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं आहे. गेम उतरवताना स्टीमने कोणती फाइल कुठे ठेवली याची यादी त्याच्याकडे असते. काढताना त्या यादीबरहुकूम काढलं जातं. यादीत नसलेल्या फाइलीला स्टीम हात लावत नाही, आणि लावूही नये. तुझ्या प्रकल्पाची एखादी फाइल चुकून तिथे ठेवलेली असती आणि ती पुसली गेली असती, तर तूच बोंब ठोकली असतीस. स्टीमने आणलेलं स्टीमने नेलं. तू आणलेलं तू न्यायचं होतंस.

त्यावर तुझं उत्तर काय, तर ‘व्हेरिफाय पण केलं, सगळ्या फाइली बरोबर आहेत असं आलं.’ अरे, मी वर्गात हजेरी घेते तेव्हा काय करते? पटावरची नावं एकेक करून पुकारते. साठही ‘हजर’ आले की हजेरी पूर्ण. मागच्या बाकावर दुसऱ्या कॉलेजची चार मुलं येऊन बसली असतील तर ती हजेरीत सापडणार नाहीत, कारण त्यांची नावं मी पुकारतच नाही. स्टीमची तपासणी नेमकी अशी चालते. पटावरची फाइल हरवली असेल, बदलली असेल, तर तिथे चांगली आणून ठेवली जाते. पटाबाहेरच्या फाइलीची चौकशी होतच नाही. तू तीनदा हजेरी घेतलीस आणि तीनदा मला सांगितलंस की वर्गात परकं कुणी नाही. तपासणी कशाची केली हे कळल्याशिवाय तिच्या निकालावर बोट ठेवायचं नसतं.

आणि या परक्या फाइली गप्प बसणाऱ्या नसतात. स्कायरिमचा मूळ माल डेटा फोल्डरात बीएसए नावाच्या मोठाल्या गठ्ठ्यांत बांधलेला असतो, टेक्श्चर वेगळे, आवाज वेगळे, मेश वेगळ्या. त्याच डेटा फोल्डरात त्याच वाटेवर, त्याच नावाची सुटी फाइल ठेवली तर गेम गठ्ठ्यातली सोडतो आणि सुटी उचलतो. या सोयीवरच तर मॉडिंग, म्हणजे लोकांनी बनवलेल्या भरीने गेम बदलणं, उभं राहिलं. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला गेम, २८ ऑक्टोबर २०१६ ला त्याची स्पेशल एडिशन आली, आणि आज तू वसतिगृहात बसून तो खेळतोस, यात त्या सुट्या फाइलींचा फार मोठा वाटा आहे. पण याचाच दुसरा अर्थ तू कधी लक्षात घेतला नाहीस. मॉडच्या प्लगइनसमोरची खूण तू काढलीस, ईएसपी फाइलही पुसलीस, पण तिच्यासोबत आलेल्या मेश, टेक्श्चर आणि स्क्रिप्ट डेटात तशाच सुट्या पडल्या आहेत. गेमला त्या मॉडचं नाव आता ठाऊक नाही, तरी त्याच्या फाइली तो निमूटपणे उचलतोच आहे. स्क्रिप्ट्स फोल्डरात तर मला जुन्या एसकेएसईच्या, म्हणजे स्क्रिप्टची ताकद वाढवणाऱ्या त्या साधनाच्या फाइली सापडल्या. एसकेएसई गेमच्या काही मूळ स्क्रिप्टच्या जागी स्वतःच्या आवृत्त्या ठेवतं. गेमच्या प्रत्येक आवृत्तीला तिच्याच जोडीचं एसकेएसई लागतं. तुझ्याकडे गेम आजचा आणि स्क्रिप्ट कुठल्याशा जुन्या जमान्यातल्या.

तुझी मुख्य तक्रार काय होती? ‘व्हाइटरनमध्ये गेलो की सगळी माणसं दोन्ही हात आडवे पसरून उभी असतात आणि पाय न हलवता सरकतात.’ बरोबर? ही तक्रार ऐकल्याबरोबर मला कळलं होतं, आणि तुलाही कळायला हवं होतं, कारण ॲनिमेशनची मॉड्स तूच बसवली होतीस. चालण्याबोलण्याच्या नव्या ॲनिमेशन घालायच्या तर गेमच्या बिहेविअर फाइली नव्याने तयार कराव्या लागतात. ते काम तू एफएनआयएस या साधनाकडून करून घेतलंस. त्याने तुझ्या मशीनवर, तुझ्याच मॉड्सच्या यादीवरून त्या फाइली बनवल्या. पुढे ॲनिमेशनची मॉड्स तू काढलीस. बिहेविअर फाइली मात्र राहिल्या. त्या अजून नसलेल्या ॲनिमेशनांचा पत्ता सांगताहेत, गेम तिथे जातो, तिथे कुणी नसतं, आणि माणूस हात पसरून उभा राहतो.

इथे जरा थांब, कारण या एका गोष्टीत तुझी सगळी चूक आहे. त्या बिहेविअर फाइली कोणत्या मॉडच्या? कोणत्याच नाही. कुठल्याही मॉडच्या झिपमध्ये त्या नव्हत्या. म्हणून कोणतंही मॉड काढलं तरी त्या जाणार नव्हत्या. त्या तुझ्या हातून जन्मल्या आणि त्यांची माहिती जगात फक्त तुलाच असणं शक्य होतं. तू ती ठेवली नाहीस. मॉड काढण्यातली चूक तुझी फार लहान आहे रे. मोठी चूक घालताना झाली. काय घातलं, कुठून आणलं, कुठे ठेवलं, काय कशाच्या वर लिहिलं गेलं, यातली एक ओळ तू कुठे टिपून ठेवली नाहीस. ज्याला आत काय गेलं हे माहीत नाही, त्याच्या ‘सगळं काढलं’ या बोलण्याला मी काय किंमत द्यायची? ‘सगळं’ म्हणजे किती, हे तुला तरी माहीत आहे का?

तुझ्या फोल्डरात मला तीन काळांचे थर दिसले. पहिला काळ, जेव्हा तू झिप उघडून सरळ डेटा फोल्डरात ओतत होतास आणि ‘रिप्लेस करू का’ या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होतास. दुसरा व्होर्टेक्सचा. तिसरा मॉड ऑर्गनायझर २ चा. पहिल्याबद्दल काय बोलू? तेव्हा तुला कुणी सांगितलं नव्हतं, तो अपराध मी मोजत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बोलणार. व्होर्टेक्स हा नीट हिशेब ठेवणारा मॅनेजर आहे. मॉड्स तो स्वतःच्या जागेत ठेवतो आणि गेमच्या फोल्डरात त्यांचे हार्डलिंक करतो. हार्डलिंक आपण ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला शिकलो. डिस्कवर डेटा एकच, त्याला नावं दोन, जसं घरात बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण. एक नाव खोडलं म्हणून माणूस जात नाही. व्होर्टेक्समध्ये ‘पर्ज’ नावाचं बटण आहे ते एवढ्याचसाठी, गेमच्या फोल्डरातली ती दुसरी नावं पुसायला. तू पर्ज न करता व्होर्टेक्सच काढून टाकलास. हिशेब ठेवणारा मुनीम तू हाकलून दिलास आणि माल गोदामात तसाच राहिला. आता कोणती फाइल कुणाची हे सांगणारं कुणी उरलं नाही. हार्डलिंकवर तू मला १० पैकी ९ मार्कांचं उत्तर लिहून दिलं होतंस. ती उत्तरपत्रिका मला आठवते. ते उत्तर तू पाठ केलं होतंस, आज कळलं.

तिसऱ्या काळात तू शहाणा झालास असं तुला वाटतं. ‘एमओ२ वापरतो मॅडम, डेटा फोल्डर स्वच्छच राहतं.’ अर्धं खरं. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि गेम त्याच्यातून सुरू केला तरच त्या फाइली डेटात असल्याचा भास गेमला करून देतो. उत्तम साधन आहे. पण ते सांभाळतं डेटा फोल्डरला. गेमची एक्झी जिथे असते त्या मुळाच्या फोल्डरात तू हाताने ज्या फाइली ठेवल्यास त्यांचं काय? गेमचं चित्र सजवणाऱ्या ईएनबीची डी३डी११ डॉट डीएलएल तिथे आहे. ईएनबीसीरीज फोल्डर नाही, ते तू पुसलंस, पण डीएलएल आहे. इंजिन फिक्सेस या मॉडबरोबर आलेली डी३डीएक्स९_४२ आहे, तिच्या शेजारी टीबीबी आणि टीबीबीमॅलॉक आहेत. नावं बघून तुला वाटलं विंडोजच्या फाइली असतील. तसंच वाटावं असं त्यातल्या पहिल्या दोघींचं नाव आहे, कारण विंडोज अशी डीएलएल शोधताना आधी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरात पाहतं. तिथे त्याच नावाची मिळाली की पुढे जात नाही. म्हणजे तू उतरवलेला स्वच्छ स्कायरिम उघडल्या क्षणी पहिली गाठ घेतो ती तुझ्या दोन वर्षांपूर्वीच्या ईएनबीशी. आणि तू म्हणतोस गेम खराब आहे!

गेमच्या फोल्डराबाहेर तर तू पाहिलंच नाहीस. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये स्कायरिमकस्टम डॉट आयएनआय आहे. ही फाइल गेम स्वतः तयार करत नाही. असली तर ती तू किंवा तुझ्या एखाद्या साधनाने ठेवलेली असते. स्कायरिम डॉट आयएनआयमध्ये कुणाच्या तरी व्हिडिओवरून उतरवलेल्या ओळी आहेत. त्यांतल्या एकीचाही अर्थ तू मला सांगू शकणार नाहीस. ॲपडेटाच्या लोकलमध्ये प्लगइन्स डॉट टीएक्सटी आहे आणि तिच्यात आता अस्तित्वात नसलेल्या प्लगइनची नावं आहेत. शिवाय तुझ्या मशीनवर डॉक्युमेंट्स नावाची फोल्डरं दोन आहेत, एक साधं आणि एक वनड्राइव्हमधलं. तू साफ केलंस ते पहिलं. गेम वापरतोय दुसरं.

तुझा खोलीतला जोडीदार २०११ ची जुनी आवृत्ती खेळतो ना, त्यालाही सांग. त्याची वर्कशॉपमधली मॉड्स सबस्क्रिप्शनवर येतात. ती रद्द केल्याशिवाय फाइली पुसण्यात अर्थ नाही, लाँचर त्या पुन्हा उतरवून ठेवेल.

आता सेव्हबद्दल. मला माहीत आहे, तुला यातच सगळ्यात जास्त रस आहे आणि माझं बोलणं इथेच सगळ्यात कडू लागणार आहे. १४० तासांचा तुझा खेळ आहे. तो वाचवायचा म्हणून तू ही सगळी धडपड केलीस. गेम उघडताना त्याने तुला स्पष्ट विचारलं होतं की या सेव्हला लागणारा काही भाग आता नाही, तरी पुढे जायचं का? तू वाचलंस का? वाचलं असेल, आणि तरी हो दाबलंस. स्कायरिमचा सेव्ह म्हणजे तू कुठे उभा आहेस आणि थैलीत काय आहे एवढीच नोंद नसते. पॅपायरस स्क्रिप्ट त्या क्षणी जशा चालू होत्या तशा त्यात लिहिल्या जातात. मॉड गेलं, स्क्रिप्टची फाइल गेली, पण सेव्हमधला तिचा अर्धवट राहिलेला व्यवहार कुठे जात नाही. म्हणून तर कितीतरी मॉडकार आपल्या सूचनांत बजावून सांगतात की चालू खेळातून हे मॉड मध्येच काढू नका. फॉलरिम टूल्समधलं रीसेव्हर वापरून असे निराधार तुकडे शोधता येतात, पुसताही येतात. पण ज्या खेळात शंभरावर मॉड्स आली-गेली, त्यातले तुकडे खुडून तो पुन्हा धडधाकट होईल अशी आशा मी तुला लावणार नाही. मॉड बसवण्यापूर्वीचा सेव्ह असेल तर त्यावर जा. नसेल तर नव्याने सुरू कर. १४० तास गेले. वाईट वाटू दे, वाटायलाच हवं. त्या रागाच्या भरात मात्र काल तू काय बोललास ते आठव.

ज्याचं मॉड तू घातलंस त्या माणसाला तू माझ्यासमोर शिवी दिलीस. या खोलीत असा शब्द पुन्हा काढायचा नाही. तो माणूस तुझा नोकर आहे का? तू त्याला काही दिलंस? त्याने आपल्या रात्री घालून केलेलं काम तुला फुकट मिळालं, त्याच्याबरोबर कसं घालायचं आणि कसं काढायचं हे लिहून मिळालं, आणि ते लिहिलेलं न वाचता तू त्यालाच दोष दिलास. निक पिअर्स नावाचा ऑस्ट्रेलियातला एक वकील. नोकरी सांभाळून त्याने एकट्याच्या बळावर ‘द फरगॉटन सिटी’ हे स्कायरिमचं मॉड केलं. २०१५ मध्ये ते लोकांसमोर ठेवलं. त्याच्या कथेला २०१६ मध्ये तिथल्या लेखकांच्या गिल्डचा पुरस्कार मिळाला. मग त्याने वकिली सोडली आणि २०२१ मध्ये त्याच कल्पनेचा स्वतंत्र गेम आणला. जर्मनीतल्या शुअरएआयच्या मंडळींनी स्कायरिमच्या इंजिनावर ‘एंडेरल’ हे आख्खं वेगळं जग उभं केलं आणि फुकट वाटलं. तू प्रोग्रॅमर व्हायला आला आहेस. ही तुझी जात आहे, हे तुझे गुरुबंधू. यांनी लिहिलेली सूचना वाचणं हे तुझं शिक्षण आहे, आणि ते तू टाळलंस.

आणखी एक गोष्ट, आणि हिच्याबद्दल मला राग कमी आणि भीती जास्त आहे. तुझ्या डाउनलोड्समध्ये कुणीतरी टेलिग्रामवर दिलेल्या लिंकवरून आलेले तीन झिप आहेत. त्यात डीएलएल आहेत. टेक्श्चर फार तर भिंत जांभळी करेल. डीएलएल म्हणजे तुझ्या खात्याच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आहे, तुला जे जे करता येतं ते सगळं तिला करता येतं. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉड्समधून ‘फ्रॅक्चराइझर’ नावाचा मालवेअर पसरला. तो कुठल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आला नव्हता, कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणी ठेवलेल्या मॉड्समधून आला. मॉड चालवलं की तो ब्राउझरमधल्या कुकी आणि लॉगिन चोरायचा, क्लिपबोर्डवरचा क्रिप्टोचा पत्ता बदलायचा आणि मशीनवर सापडतील त्या सगळ्या जार फाइलींत शिरायचा. विंडोजवर तो ॲपडेटाच्या लोकलमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट एज’ नावाचं फोल्डर करून त्यात लिबवेबजीएल६४ डॉट जार ठेवायचा. खऱ्या एजचं फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या आत एज असं असतं. फरक एवढाच. ज्याने मॉड पुसलं आणि ‘सगळं काढलं’ म्हणून मोकळा झाला, त्याच्या मशीनवर तो तसाच चालू राहिला. या लॅपटॉपवरून तू वडिलांच्या खात्यातून परीक्षेची फी भरतोस. ते तीन झिप आणि त्यातून आलेलं सगळं आज जाईल, पूर्ण स्कॅन होईल, आणि पासवर्ड तू माझ्यासमोर दुसऱ्या मशीनवरून बदलशील. यावर चर्चा नाही.

तुझ्या घरी शेती आहे. हरळी कशी काढतात हे मी तुला सांगायची गरज नाही. वरून कापलेली हरळी पहिल्या पावसात पुन्हा डोकं वर काढते. नांगरटीनंतर तुझे वडील आणि आई ढेकळं फोडून तिच्या काश्या एकेक करून वेचतात आणि बांधाबाहेर नेऊन वाळवतात. वेचलेली काशी शेतातच टाकली तर ती तिथेच रुजते, म्हणून बाहेर नेतात. ते काम कंबर मोडणारं आहे आणि कुणाला दिसत नाही. तू त्या घरातला मुलगा. तीन वेळा वरून कापून आलास आणि रान मोकळं झालं म्हणून सांगितलंस. वडिलांना तू असं सांगू शकला असतास का?

आता काय करायचं ते ऐक. आधी सेव्ह्ज फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून ठेव आणि स्टीममधलं या गेमचं क्लाउड बंद कर, नाहीतर पुसलेले सेव्ह परत खाली येतील. गेमचं फोल्डर पुसायची घाई आज तरी करायची नाही. का ते सांगते. अनइन्स्टॉल झाल्यावर स्टीमने आपलं सगळं नेलं. मागे जे राहिलं ते जवळपास सगळं तू आणलेलं किंवा तुझ्या साधनांनी बनवलेलं. दोन वर्षं तू जी नोंद ठेवली नाहीस ती आयती तुझ्या समोर पडली आहे. मूळ फाइलींच्या नावावर तू जे रिप्लेस केलंस तेवढं तिच्यात नसेल, कारण ते स्टीमने आपलं समजून नेलं. बाकीचं आहे. ते फोल्डर तू वाचायचं. कोणती फाइल कोणत्या मॉडची, काय काम करायची, हे वहीत लिहायचं. अकरा हजार ओळी लिही असं मी म्हणत नाही, फोल्डरवार लिही, पण मुळाच्या फोल्डरातली प्रत्येक डीएलएल आणि स्क्रिप्ट्समधला प्रत्येक संच त्यात आला पाहिजे. ज्याचं मूळ सापडणार नाही त्यासमोर ‘माहीत नाही’ असं स्पष्ट लिही. ते लिहायची लाज वाटू देऊ नकोस. लिहून झालं की पूर्ण फोल्डर पूस. मग दोन्ही डॉक्युमेंट्समधलं गेमचं फोल्डर, मग ॲपडेटामधलं. मग कॉमन उघडून मला दाखव की ते नाव तिथे नाही. त्यानंतर गेम उतरव, कॉलेजच्या वायफायवरून, मी परवानगी काढते. पहिल्यांदा एकही मॉड न घालता, नवा खेळ सुरू करून, घोडागाडीतून उतरून पहिल्या गावापर्यंत चालत जा. माणसं चालताना दिसली की मला येऊन सांग. पहिलं मॉड त्यानंतर.

तुला वाटत असेल, एका गेमसाठी मॅडम एवढ्या का चिडल्या. मी गेम खेळणाऱ्या मुलांवर कधी चिडले नाही. मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या सात आणि बारा नंबरच्या मशीनवरचा मुदत संपलेला अँटीव्हायरस काढायचं काम मी तुला दिलं होतं. तासाभरात आलास आणि म्हणालास, ‘काढलं, मॅडम.’ मी देखभालीच्या रजिस्टरवर सही केली. तुझ्या शब्दावर केली, जाऊन पाहिलं नाही. तेव्हापासून ती दोन्ही मशीन सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेतात आणि नवा अँटीव्हायरस त्यांच्यावर बसत नाही. मी हार्ड डिस्क बदलायची मागणी लिहून तयार ठेवली होती. आज दुपारी तुझं हे फोल्डर पाहिलं आणि तो कागद बाजूला काढून ठेवला.

सही माझी आहे. म्हणून सात नंबरला मी तुझ्याबरोबर बसणार आहे आणि बारा नंबर तू माझ्यासमोर करणार आहेस. किल्ली त्या खिळ्याला आहे. पण ते नंतर.

वही काढ. मागच्या पानावर नको, नवी उघड. लॅपटॉप घे. कॉमन, स्कायरिम स्पेशल एडिशन. नावाप्रमाणे लाव. हं, आता वरून पहिली फाइल मोठ्याने वाच आणि ती कुठून आली ते सांग.